उजवा काठ वर

साकोलीच्या बसस्थानकासमोर, मनिषच्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानाला लागून असलेला लोखंडी जिना चढून गेले, की चंद्रकुमारची टॅटूची खोली लागत असे. टेकून बसायची एक खुर्ची, हवा तसा वाकणारा एक दिवा, शाईच्या बाटल्यांची फळी, भिंतीवर डकवलेली चार चित्रे आणि दोनशे पानांची एक जाड वही, यापलीकडे त्या खोलीत पाहण्यासारखे काही नव्हते. सुई धरायला तो नागपुरात शिकला होता. वही मात्र सर्वस्वी त्याची होती. गिऱ्हाइके एखाद्या चित्रावर बोट ठेवून विचारीत, याचा अर्थ काय. आणि चार माणसांत ज्याच्या जिभेला गाठ पडते, अशा त्या सत्तावीस वर्षांच्या तरुणाला या प्रश्नाची धास्ती वाटे. म्हणून त्याने अर्थ लिहून ठेवायला सुरुवात केली. कोणी विचारले की तो वही पुढे सरकवी आणि स्वतः मान खाली घालून हातमोजे चढवू लागे.

वहीत त्रिशूळ होता, पिसातून उडून जाणारे पक्षी होते, मुकुट घातलेला सिंह होता. पण त्याचा जीव जडला होता तो जपानी चित्रांवर. कोई मासा प्रवाहाच्या उलट पोहतो, म्हणून तो हार न मानणाऱ्याचा. तिकडचा ड्रॅगन आग ओकत नाही, पाऊसपाणी सांभाळतो, म्हणून तो राखणदार. हान्न्या म्हणजे मत्सराने जळून राक्षसीण झालेल्या बाईचा मुखवटा, पण अंगावर घेतला तर वाइटाला दारातच अडवणारा. हे सारे त्याने सुवाच्य अक्षरात, समास सोडून लिहिले होते. तलावांच्या या जिल्ह्यातली पोरे कोई पाहून एवढेच विचारीत, ‘हा रोहू हाय का कतला?’ आणि उत्तराची वाट न पाहता दंडावर महाकालाचे नाव काढून घेऊन जात.

त्याचा एक नेम होता. जे अक्षर आपल्याला वाचता येत नाही, ते दुसऱ्याच्या अंगावर काढायचे नाही. कातडीवरची चूक कागदावरच्या चुकीसारखी फाडून टाकता येत नाही, हे तो पहिल्याच दिवशी शिकला होता, आणि आपल्या या सावधपणाचा त्याला मनातल्या मनात थोडा अभिमानही वाटे. पुढे घात झाला, तो अक्षराने नव्हे.

दसरा होऊन आठवडा लोटला होता. लवकर पिकणारा हलका धान कापणीला आला होता. सानगडीचे कृष्णराव जिना चढून वर आले, तेव्हा त्यांच्या खांद्यावरच्या दुपट्ट्याला धानाचे तूस चिकटलेले होते. साठीच्या अलीकडचा, उन्हाने रापलेला, हाडापेराने मजबूत माणूस. त्यांनी खुर्चीकडे पाहिले, भिंतीवरच्या राक्षसिणीच्या चित्राकडे पाहिले, आणि आपण भलत्याच जिन्याने तर वर आलो नाही ना, अशा चेहऱ्याने ते दारातच उभे राहिले. मग त्यांनी हळूहळू सांगितले. त्यांची मुलगी डिंपल नागपूरला नर्सिंग शिकली, मग तिथेच जपानी भाषा शिकली, आणि गेले चौदा महिने ती जपानमधल्या एका गावात वृद्धांच्या घरी काम करते. एसटीच्या एका वाहकाच्या हातावर त्यांनी त्याच्या लेकीचा चेहरा काढलेला पाहिला होता. तिकीट फाडता फाडता तो त्या चेहऱ्याकडे बघत होता. तेव्हापासून हे डोक्यात बसले होते.

फोनमध्ये फोटो आहेच की, असे चंद्रकुमार दबकत म्हणाला.

“धान रोवन्याच्या टायमाले हात चिखलाचे राहतेत, बाबू,” कृष्णराव म्हणाले. “फोनले हात लावता येत नाही. हातावरच राहीन तं नुसतं पायता येईन.”

फोटो तिने उन्हाळ्यात, तिकडच्या कसल्याशा उत्सवात स्वतःच काढून पाठवला होता. निळ्या किमोनोवर पांढरी फुले, केसांत कानामागे एक मोठे फूल, हसताना किंचित बारीक झालेला एक डोळा, आणि मागे लटकणारा कागदी कंदील. कंदिलावर तीन जपानी अक्षरे होती. चंद्रकुमारने कंदील वगळला. बाकीचे त्याने मन लावून उतरवले: चेहरा, फूल आणि छातीपर्यंतचा किमोनो, त्याच्या गळ्याशी एकमेकांवर आलेल्या दोन काठांसह. त्या काठांच्या घड्या त्याला फार देखण्या वाटल्या होत्या. कागदावरची आकृती त्याने हाताच्या आतल्या बाजूला उमटवली, तेव्हा कृष्णरावांनी हात दिव्याखाली धरून बराच वेळ पाहिले.

“तीळ इकडं नाही,” ते म्हणाले. “तिकडच्या गालावर हाय.”

चंद्रकुमारने फोन पुढे केला. फोटोत तीळ उजव्या गालावर स्वच्छ दिसत होता. कृष्णरावांनी तिकडे पाहिलेही नाही.

“फोटोत असन. म्या तिले जल्मापासून पायून राहिलो. डाव्या गालावर हाय.”

समोरच्या माणसाचे डावेउजवे सांगताना सगळेच गोंधळतात, असे चंद्रकुमारला वाटले. पण वाद घालणे त्याच्या स्वभावात नव्हते. त्याने तो ठिपका पुसला आणि डाव्या गालावर टेकवला. तीळ तेवढा हलला. बाकी सारे फोटोत होते तसेच राहिले.

चार तास सुई चालली. कृष्णराव हूं की चूं न करता बसून होते, आणि मधूनमधून डिंपलविषयी सांगत होते. ब्याण्णव वर्षांची एक म्हातारी तिला आपल्या लेकीच्या नावाने हाक मारते. तिथले लोक जेवायच्या आधी हात जोडतात. मागच्या महिन्यात एक म्हातारे गृहस्थ वारले, तर त्यांना शेवटचे कपडे घालायला हीच होती, घाबरली नाही. हे सांगताना त्यांचा आवाज अभिमानाने भरून आला होता. चंद्रकुमारने ऐकले आणि मान डोलावली. अर्धे लक्ष पापण्यांवर होते.

खपली धरेल, चेहरा काही दिवस डागाळल्यासारखा दिसेल, चिखल आणि तलावाचे पाणी लागू देऊ नका, असे त्याने बजावले. कृष्णरावांनी दिवस मोजले आणि ठरवून टाकले, की दिवाळीनंतर सानगडीच्या मंडईच्या, म्हणजे गावजत्रेच्या दिवशी, घरी सगळे पाहुणे जमलेले असताना, डिंपलचा व्हिडिओ कॉल आला की हात तिच्यासमोर धरायचा. तोवर तिला चकार शब्द सांगायचा नाही.

चौथ्या दिवशी लाखांदूरहून कॉलेजची एक मुलगी आली. तिला खांद्यावर छत्री घेतलेली किमोनोतली बाई हवी होती, आणि अर्थातच तिचा अर्थही. वहीत तो नव्हता. पुढच्या आठवड्यात ये, असे सांगून चंद्रकुमारने तिला परत पाठवले आणि दुपारभर फोनवर वाचत बसला. पंख्याविषयी वाचले, छत्रीविषयी वाचले. चेरीचे फूल क्षणभंगुरतेचे, पिओनीचे ऐश्वर्याचे, हे तर त्याला ठाऊकच होते. मग गोंदणाऱ्यांना सावध करणारी एक ओळ आली. किमोनो काढताना नेसणाऱ्याचा डावा काठ उजव्यावर आला पाहिजे, हे विसरू नका. उजवा काठ डाव्यावर येतो, तो फक्त प्रेताच्या अंगावर.

त्याने ती ओळ तीनदा वाचली. मग डिंपलचा फोटो उघडला.

उजवा काठ वर होता.

चंद्रकुमार तेरा वर्षांचा असताना त्याचे वडील गेले. मडके खांद्यावर घेऊन तो चितेला उजव्या हाताला ठेवून फिरू लागला, तेव्हा कोणीतरी त्याचा खांदा धरून, चिता डाव्या हाताला येईल असे त्याला वळवले होते. मेलेल्याचे सगळे उलटे असते, पोरा, असे कोणी तरी म्हणाले होते. तो आवाज कोणाचा, हे त्याला आता आठवत नव्हते. पण खांद्यावरची ती बोटे त्याला त्या क्षणी लख्ख जाणवली. समुद्रापलीकडच्या लोकांची रीत त्याला परकी वाटली असती, तर बरे झाले असते. ती मुळीच परकी वाटली नाही.

त्याने फोनवरच फोटो उलटा केला. तीळ उडी मारल्यासारखा डाव्या गालावर जाऊन बसला आणि डावा काठ वर आला. म्हणजे बापाने खूण दिली होती. ज्याला लेकीचा चेहरा तोंडपाठ होता त्याने सांगितले होते, की हे चित्र उलटे आहे. आणि आपण त्यातला फक्त ठिपका तेवढा सुलटा केला.

तो खाली मनिषकडे गेला. सरळ विचारणे त्याला जमणारच नव्हते. कुणा गिऱ्हाइकाचा म्हणून त्याने विषय काढला. मनिषने डोळ्याला लावलेले भिंग न काढताच उत्तर दिले.

“समोरचा कॅमेरा आरसा असते बे. सेटिंगमंदी बंद करा लागते. कोनी करत नाही.” मग भिंग वर करून त्याने चंद्रकुमारकडे नीट पाहिले. “तू लोकायचे चेहरे काढतं अन तुले आरसा समजत नाही?”

चंद्रकुमार हसल्यासारखे करून जिना चढून वर आला. वर आल्यावर त्याला आठवले, की आपण दार उघडेच टाकून गेलो होतो.

त्यानंतरचे दिवस त्याने कसे काढले, ते त्याचे त्यालाच माहीत. फोन करावा, सांगून मोकळे व्हावे, असे तो दात घासताना ठरवी. जिना चढेपर्यंत ते उद्यावर जाई. सानगडीत हे कोणाला कळणार आहे, अशी तो स्वतःची समजूत घाली. किमोनोचा कोणता काठ वर, हे ओळखणारा माणूस साऱ्या तालुक्यात नाही. खरेच नव्हता. असा माणूस एकच होता, आणि हात तिच्यासमोरच धरला जाणार होता. मेलेल्या म्हाताऱ्याला तिने स्वतःच्या हातांनी कपडे घातले होते. आपल्या बापाच्या हातावर आपण तशाच नेसून हसत आहोत, हे तिला ओळखायला किती वेळ लागेल? एक क्षण. आणि परदेशात, एकटीने, ते घेऊन ती त्या दिवशी झोपणार कशी?

आणि तिला काही झाले तर? हा विचार सगळ्यात शेवटी येई आणि सगळ्यात जास्त वेळ थांबे. आपण अंधश्रद्धाळू नाही, असे तो स्वतःला बजावी. पण अर्थांवर विश्वास नव्हता, तर दोनशे पाने कशासाठी लिहिली?

कृष्णरावांचा फोन एकदा आला. खपली गेली, चेहरा चांगला उमलला, असे ते म्हणाले. बायको निर्मलाबाई म्हणतात की म्हातारपणी गोंदून आलात, आता नथ घालून फिरा. पण रोज रात्री तेल लावून देतात आणि लावताना लेकीशी बोलतात. मंडईला जेवायला यायचेच, डिंपलशी ओळख करून देतो. चंद्रकुमारने तोंड उघडले. “काकाजी,” एवढे म्हणाला. पलीकडून विचारणा झाली. तो म्हणाला, तेल थोडे कमी लावा.

फोन ठेवल्यावर त्याला स्वतःची इतकी शरम वाटली, की त्या दिवशी त्याने आलेली दोन्ही गिऱ्हाइके परत पाठवली.

मग त्याने चित्र झाकायचा विचार सुरू केला. गळ्याशी, दोन काठ जिथे एकमेकांना ओलांडतात नेमके तिथे, दुसरे काही तरी काढले की ओलांडणेच दिसणार नाही. वही उघडून तो एकेका चित्रापाशी थांबला. चेरीची फांदी? चार दिवसांचा बहर, नको. शेवंती दीर्घायुष्याची, असे वहीत होते. पण नव्याने वाचले तर पांढरी शेवंती तिकडे अंत्यविधीला वाहतात. कोळी किड्याच्या पायांसारख्या पाकळ्यांचे ते सुंदर लाल फूल तर सरळ स्मशानाच्या वाटेवरचे. मेपलचे पान गळणारे. लाटेत माणसे बुडतात. ज्या पानांवर त्याला आजवर धैर्य, निष्ठा, विजय असे शब्द दिसले होते, त्या प्रत्येक पानाच्या मागल्या बाजूने आता मरण डोकावत होते. जणू ते पहिल्यापासूनच तिथे होते आणि त्याने फक्त उजळ बाजू लिहून घेतली होती.

शेवटी उरला सारस. हजार वर्षे जगणारा, जोडीदाराला न सोडणारा पक्षी. आणि आपल्याकडे धानाच्या बांधीत कधीमधी दिसणारा. त्याने पंख पसरलेला सारस काढला. पंखाची पिसे बरोबर काठांवर येत होती. चित्र उत्तम जमले होते. पण ताज्या गोंदणावर पुन्हा सुई चालवायची तर कातडी दीड-दोन महिने विसावावी लागते, आणि मंडई तीन दिवसांवर आली होती.

मंडईच्या दिवशी दुपारी तो सानगडीला उतरला. खिशात सारसाचा कागद होता. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाल ठोकून दुकाने लागली होती. शिंगाड्यांचे ढीग, जिलेबीच्या कढया, बांगड्या. चौकात दंडारीच्या खेळाची ढोलकी वाजत होती आणि लुगडे नेसलेला एक बाप्या कमरेवर हात ठेवून नाचत होता. लोक हसत होते. चंद्रकुमारला वाटले, आपण इथूनच परत फिरलो तर कोणाच्या लक्षातही येणार नाही. तो तसा थोडा वेळ उभाही राहिला. मग पायांनीच काय ते ठरवले.

कृष्णरावांच्या अंगणात पाहुण्यांची दाटी होती. त्यांनी त्याला पाहताच हात धरून आत नेले आणि हाच तो, म्हणून सगळ्यांना सांगितले. कोणी पाट दिला, कोणी पाणी दिले. एका आत्याबाईंनी विचारले, की मेल्या नवऱ्याचा फोटोही काढून देतो का. मेल्या हा शब्द ऐकताच तो उठून उभा राहिला आणि कृष्णरावांना म्हणाला, की जरा मागे येता का.

मागच्या वाडीत धानाचे भारे रचून ठेवले होते. तिथे, भाऱ्याला पाठ लावून, त्याने सांगितले. आधी वाक्ये तुटक आली. मग एकदा सुरू झाल्यावर ती थांबेनात. फोटो आरशासारखा होता. तीळ तुम्ही सांगितला तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवे होते. तिकडे जिवंत माणूस डावा काठ वर घेतो आणि मेलेल्याला उजवा काठ वर घालतात. मी तुमच्या हातावर उजवा काठ वर काढला. डिंपल पाहील तेव्हा तिला कळेल.

कृष्णरावांनी हात उताणा केला, लेकीकडे पाहिले, आणि मग दुमडलेली बाही हळूहळू मनगटापर्यंत खाली ओढून बटण लावले.

निर्मलाबाई चहाचा कप घेऊन दारात उभ्या होत्या. किती वेळापासून, ते कळले नाही.

“म्हणजे माह्या पोरीले मेल्याचे कपडे घातले तुनं,” त्या म्हणाल्या.

“हो, काकू.”

त्यांनी कप भिंतीच्या कठड्यावर ठेवला. त्या ओरडल्या असत्या तर चंद्रकुमारला सोपे गेले असते. त्या भाऱ्याच्या टोकावर बसल्या आणि नवऱ्याकडे पाहून, पण चंद्रकुमारला ऐकू जाईल अशा बेताने बोलू लागल्या.

“हिच्या अगोदर दोन गेले माहे. एक सटीलेच, सहाव्या दिवशी गेला, एक अडीच महिन्याचा होऊन. हे झाली तवा सासूबाईनं तिले सुपात घालून उकंड्यावर नेऊन टाकलं. शेजारच्या मंगरूच्या मायनं उचललं. अन म्या पसाभर कोंडा देऊन तिच्यापासून इकत घेतलं. तवा जगली. डिंपल तं शाळेतलं नाव हाय. घरात फेकीच म्हणत होतो आमी.”

कृष्णरावांनी होकारार्थी मान हलवली.

“टाकून देल्लेल्या लेकराले जम हात लावत नाही,” निर्मलाबाई म्हणाल्या. “आता मेल्याचे कपडेच हायेत म्हणतं तं राहू दे. येईन, पायीन, हिले तं अगोदरच नेली म्हणंन, अन चालला जाईन.”

चंद्रकुमारच्या छातीवरचा दगड हलला. पण तो खाली पडायच्या आतच त्या त्याच्याकडे वळल्या.

“तुले कवा समजलं हे?”

“चौथ्या दिवशी.”

“अन आज सांगून राहिला. पंधरा दिवस कायले थांबला गा?”

“भेव लागला, काकू.”

“म्या रोज तेल लावत होती त्या हाताले,” त्या म्हणाल्या, आणि कप उचलून आत गेल्या. चहा त्याला मिळाला नाही.

साडेचारला फोन वाजला. तिकडे रात्रीचे आठ झाले होते आणि डिंपलची कामाची पाळी संपली होती. सगळे अंगण फोनभोवती गोळा झाले. काका, आत्या, चुलत भावंडे, सगळ्यांनी एकाच वेळी बोलून घेतले. मग कोणी तरी म्हणाले, की दाखवा आता, आणि सगळे दाखवा दाखवा करू लागले. डिंपल पलीकडून हसत विचारीत होती, काय दाखवता, काय आणले. कृष्णरावांचा हात मांडीवरून हलेना. ते बाहीच्या बटणाकडे पाहत होते. चंद्रकुमार खांबाआडून पाहत होता.

निर्मलाबाई पुढे झाल्या. त्यांनी नवऱ्याचे बटण काढले, बाही कोपरापर्यंत सारली आणि हात धरून फोनपुढे नेला.

डिंपलचा चेहरा पडद्याच्या अगदी जवळ आला. तिने डोळे बारीक केले. त्यातला एक जरा जास्त, फोटोत होता तसा. आधी ती खुलली. मग तिची नजर खाली उतरली, गळ्यापाशी, आणि तिथेच थांबली. तिने अंगात गोल गळ्याचा साधा स्वेटर घातला होता. तिची बोटे नकळत वर आली आणि जिथे एकावर एक यायला काहीच नव्हते, तिथे एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे फिरली. चंद्रकुमारने ते पाहिले. कृष्णरावांनीही पाहिले.

“बाबा,” ती म्हणाली. आणि थांबून, “तीळ बराबर जागी काढला.”

पाहुणे हसले, कोणी टाळी दिली. कृष्णराव हसले नाहीत. ते लेकीच्या तोंडाकडे पाहत राहिले, आणि ती त्यांच्या. तेव्हा निर्मलाबाईंनी फोन स्वतःच्या हातात घेतला.

“काय वं फेके, जेवली का?”

पडद्यावर डिंपलने मागे वळून पाहिले.

“आई, त्या नावानं नको नं हाक मारू,” डिंपल म्हणाली. “इथं माह्या सोबतच्या नागपूरच्या पोरी ऐकून राहिल्या.” तिचा आवाज जरासा जड झाला होता, किंवा मग नेटवर्क अडकले असेल. “किती वर्षानं म्हटलं तुनं.”

“म्हणंन. आता रोज म्हणंन,” निर्मलाबाई म्हणाल्या, आणि तिकडे थंडी किती पडली ते विचारू लागल्या.

जेवण झाल्यावर कृष्णराव त्याला बसथांब्यापर्यंत सोडायला आले. थांब्यावर चंद्रकुमारने खिशातला कागद काढून उलगडला. हा सारस आहे. दोन महिन्यांनी कातडी बसली की याचा पंख बरोबर गळ्यावर येईल आणि काठ दिसणार नाहीत, असे त्याने सांगितले. कृष्णरावांनी कागद उजेडाकडे धरून पाहिला, घडी घातली आणि सदऱ्याच्या खिशात ठेवला.

“पुढच्या दिवाळीले येते ते,” ते म्हणाले. “तवरिक राहू दे. ते आली, आमच्या दारातून अंदर गेली, का मंग झाक तुह्या सारसानं.”

एसटीचे दिवे दिसू लागले. चंद्रकुमारने पायरीवर पाय ठेवला, तेव्हा त्यांनी मागून त्याचा दंड धरला.

“आनखी काही तं उलटं नाही ना, बाबू?”

नाही, असे चंद्रकुमारने सांगितले. गाडी सुटली आणि गाव मागे पडले, तोच त्याला फूल आठवले. केसांतले फूल. त्याने ते फोटोत होते तसे डाव्या कानामागे काढले होते. म्हणजे खरे ते उजव्या कानामागे होते. फूल कोणत्या कानामागे, यालाही तिकडे काही अर्थ असेल का? त्याने फोन काढला. वाचता वाचता मधल्या रानात नेटवर्क गेले, आले, पुन्हा गेले. साकोलीला उतरेपर्यंत त्याने जेवढे सापडले तेवढे वाचून काढले. त्यात कोठेही काही नव्हते. फूल कोणत्याही बाजूला माळावे.

जिना चढून वर जावे, आणि उद्या सवडीने सांगावे, असे त्याच्या मनात आले. तो पहिल्या पायरीवरच थांबला. शेजारी मनिष दुकानाचे शटर ओढत होता. त्याच्यादेखत चंद्रकुमारने सानगडीला फोन लावला.

“फुलाचं काही नाही, काकाजी,” तो म्हणाला. “म्या पायलं.”

“कोनत्या फुलाचं?” कृष्णरावांनी विचारले.

चंद्रकुमारने सांगितले. फोनमध्ये मागे दंडारीची ढोलकी अजून वाजत होती.

“बरं केलं सांगतलं,” कृष्णराव म्हणाले.